डब्यावर आजाराचं नाव का नसतं?

घोड्यांसाठी किंवा कुत्र्यांसाठी बनवलेला वनौषधींचा परदेशी डबा हातात घेऊन उलटसुलट वाचा. 'सांध्यांना आधार', 'पचनास पोषक', 'शांत स्वभावासाठी' असं सगळं सापडेल, आजाराचं नाव मात्र सापडणार नाही. आत हळद असते, आयुर्वेदातल्या तगर-मुळाच्या कुळातली व्हॅलेरियन असते, डेव्हिल्स क्लॉ नावाचं आफ्रिकी मूळ असतं. ते नेमकं कशावर द्यायचं, याबद्दल डबा गप्प.

आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची जुनी परंपरा आहे: शालिहोत्र हा प्राचीन अश्ववैद्य आणि पांडवांतल्या नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र. घोड्यांच्या वैद्याला सलोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. या परंपरेतल्या एका ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1788 साली कलकत्त्यात छापला गेला. पोट बिघडलं की सुंठ, ओवा, हिंग, काळं मीठ गुळात मळायचं, गोळा वळायचा, घोड्याची जीभ एका बाजूला ओढून धरायची आणि गोळा जिभेच्या मुळाशी सारायचा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे एकदा आत गेलेलं परत येत नाही. सगळी विद्या मात्रेत होती. या गोळ्याला नाव होतं मसाला. तो खुराक की औषध, असं कुणी विचारलं नाही. कुत्र्याच्या वाट्याला यातलं फारसं आलं नाही. जुन्या वैद्यकात कुत्रा येतो तो बहुतेक चावल्यावरच.

1886 साली मुंबईत पशुवैद्यकाचं महाविद्यालय निघालं आणि सलोत्री हळूहळू मागे पडला.

डब्यांवरच्या आजच्या मोघम भाषेचं मूळ मात्र अमेरिकेत आहे. तिथे 1994 साली कायद्याने 'आहारपूरक' हा वेगळा वर्ग केला. अन्न आणि औषध यांच्यामधली ही जागा माणसांच्या गोळ्या-चूर्णांना मिळाली. प्राण्यांचं काय? 1996 साली तिथल्या अन्न-औषध नियामकांनी जाहीर केलं की हा कायदा प्राण्यांना लागू नाही. कारणं अशी दिली: कायदा करताना डोळ्यांसमोर माणूसच होता, एका जातीच्या प्राण्याला चालणारं दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि दुधामांसातून अंश माणसाच्या पोटात जाऊ शकतात. तिसरं कारण गाईला लावा, घरात पाळलेल्या कुत्र्याला ते कसं लागतं? तरीही सगळे एकाच दावणीला बांधले गेले. घोड्याचं चूर्ण आता एकतर खाद्य, नाहीतर औषध. औषध म्हटलं की मंजुरीचा प्रचंड खर्च. मग उत्पादकांनी आजाराचं नाव गाळलं आणि 'आधार', 'पोषक' असे शब्द उरले. युरोपनेही 2009 च्या नियमांत पशुखाद्यावर 'रोग बरा करतो' असं लिहायला मनाई केली.

आपल्याकडे उलट झालं. 1940 च्या औषध कायद्यात 1964 साली आयुर्वेदासाठी वेगळं प्रकरण आलं, आणि आयुर्वेदिक औषधाच्या आजच्या व्याख्येत माणसाबरोबर प्राणीही आहेत. 2021 साली केंद्राच्या दोन खात्यांनी पशुवैद्यकात आयुर्वेद आणण्याचा करारही केला. त्यात भर दुभत्या जनावरांवर दिसतो, घोडा आणि कुत्रा कडेलाच राहतात.

एका प्राण्याला चालणारं दुसऱ्याला चालेलच असं नाही, हे अमेरिकी नियामकांचं दुसरं कारण मात्र खोडून काढता येत नाही. आपण ज्याला घरचं औषध म्हणतो तो लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात सुकवलेला लसूण भरपूर खाल्लेल्या घोड्यांनाही त्याच प्रकारचा रक्तक्षय झाला.

मोघम शब्दांचा खरा फटका मैदानात बसतो. बीजिंग ऑलिंपिकच्या घोडेस्वारी स्पर्धा 2008 साली हाँगकाँगला झाल्या. उड्यांच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचा तिखटपणा, सापडलं. मिरचीचा लेप दुखऱ्या पाठीला शेकही देतो आणि पायाला चोळला तर आडव्या दांड्याचा स्पर्शही झोंबवतो, म्हणजे घोडा पाय उंच उचलतो. एकच पदार्थ, उपचारही आणि लबाडीही. घोडे बाद झाले, नॉर्वेच्या संघाचं कांस्यपदक पुढे स्वित्झर्लंडला गेलं. व्हॅलेरियन आणि डेव्हिल्स क्लॉसुद्धा आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी स्पर्धांच्या निषिद्ध यादीत आहेत, आणि डब्यावर त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं: 'नैसर्गिक'.