बोहाडा (नाशिक जिल्हा)

बोहाडा : मुखवटे घालून वाद्यांच्या तालावर रात्रभर उघड्यावर सोंगे नाचवण्याचा आदिवासी ग्रामोत्सव. भोवाडा, भवाडा अशीही नावे. काही गावी ‘आखाडी’. नाशिक जिल्ह्यात तो मुख्यतः पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या डोंगरी तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या वस्तीत होतो. पालघर, अकोले व डांग भागांतही आहे. काळ फाल्गुन ते वैशाख.

नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘बहुरूपी’तील ‘बहु’शी सांगड घालणे अर्थाच्या दृष्टीने सोयीचे, पण त्याने शब्दाच्या उत्तरार्धाची उकल होत नाही. डांगात ‘भवाडा’ हे रूप टिकून आहे. तेव्हा भकारयुक्त रूप जुने असावे आणि ‘भ’मधील हकार पुढे सरकून ‘बोहाडा’ झाले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. तसे मानल्यास ‘भोवणे’ (गोल फिरणे) या क्रियापदाशी नाते लावता येते. सोंगे मशालींच्या उजेडात गिरक्या घेत नाचतात, ही गोष्ट त्याला पूरक आहे.

कालनिर्णयही असाच नाजूक. आरंभी गणपती व सरस्वती यांची सोंगे येतात, म्हणून कोकणातील दशावताराशी बोहाड्याची तुलना होते. दशावतार शामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास कोकणात आणला असे परंपरा सांगते. मात्र दशावतारात बहुतेक पात्रे तोंडाला रंग लावतात, तर बोहाड्याचा प्राण मुखवट्यात आहे. शिवाय शेवटी, पहाटेच्या सुमारास, देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. याच जिल्ह्यात सप्तशृंगगडावर अठरा हातांची महिषासुरमर्दिनी आहे आणि तिची यात्रा चैत्रातच भरते. हे पाहता, दशावताराची छाप मान्य करूनही, मूळ स्थानिक देवीपूजेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

संगीत हे या उत्सवाचे केवळ साथीचे अंग नव्हे. संबळ, पिपाणी (सनई) आणि अखंड षड्ज धरणारा सूर, एवढ्यावर सारी रात्र उभी राहते. संबळाच्या दोन भांड्यांपैकी एकाचा नाद खर्जातला, दुसऱ्याचा टिपेचा. वाजवण्याच्या काड्यांपैकी एक टोकाशी वाकलेली. सोंग बदलले की चाल बदलते. गणपतीची चाल संथ. राक्षस येताना लय चढते. जाणत्या कानाला मुखवटा दिसण्यापूर्वीच सोंग कळते. संवाद थोडे असतात, त्यामुळे कथेचा भार संबळवाल्याच्या हातावर पडतो. अभ्यासकांनी मुखवट्यांकडे जेवढे लक्ष दिले तेवढे या चालींकडे दिले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. वाजवणारे हात थकले की चाल त्यांच्याबरोबर जाते; मुखवटा निदान आढ्याला टांगलेला राहतो.

मुखवटे पूर्वी लाकडी, पुढे कागदाच्या लगद्याचेही. ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे वंशपरंपरेने असते आणि नाचण्याआधी मुखवट्याची पूजा होते.