फाइल-परवानगीचे अडथळे : ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतरचे

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली किंवा तिची नवी आवृत्ती चढवली, की कालपर्यंत बिनदिक्कत उघडणारे फोल्डर कधी कधी उघडेनासे होते. फाइल दिसते, पण तिच्यात केलेला बदल साठवता येत नाही, ती पुसताही येत नाही. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ आणि लिनक्समध्ये ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो. अशा वेळी फाइल बहुधा शाबूत असते. समोर बसलेला माणूस तिचा धनी आहे, एवढेच नव्या सिस्टिमला ठाऊक नसते. हे न ओळखता ‘डेटा गेला’ म्हणून पुन्हा फॉरमॅट मारला, तर मात्र डेटा खरोखरच जातो.

मराठवाड्यात हा प्रश्न घरच्या संगणकापेक्षा कामाच्या संगणकावर जास्त जाचतो. आपले सरकार सेवा केंद्रे, ग्रामपंचायती, लातूर-जालन्याच्या मार्केट यार्डातील आडत दुकाने, तालुक्याच्या गावची डीटीपी व झेरॉक्सची दुकाने या ठिकाणी एकाच यंत्रावर पाळीपाळीने दोन-तीन माणसे बसतात. त्या यंत्रात गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती, उत्पन्नाचे व जातीचे दाखले, सातबारे, १९५४ च्या खासरा पत्रकाचे (जुन्या जमीन-नोंदीचे) स्कॅन असे इतरांचे मोलाचे कागद साठलेले असतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित पाठबळ (अपडेट व दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक ठिकाणी जुने यंत्र बाजूला ठेवून त्यातली हार्ड डिस्क नव्या यंत्राला जोडली जाते, आणि अडथळा नेमका तिथे उभा राहतो.

विंडोजमधील परवानग्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत राहतात. ती १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. घरगुती आणि लहान दुकानांच्या संगणकांवर मात्र ती २००१ च्या विंडोज एक्सपीपासून रुळली. त्याआधी तिथे चालणाऱ्या एफएटी ३२ या फाइल-व्यवस्थेमध्ये परवानगी ही गोष्टच नव्हती. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलजवळ दोन नोंदी असतात : तिचा मालक कोण, आणि कोणाला वाचण्याची, बदलण्याची, पुसण्याची मुभा आहे याची यादी. या नोंदींत माणसाचे नाव नसते, एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. सामान्य वापरकर्त्याचा क्रमांक एस-१-५-२१ असा सुरू होतो आणि पुढचे आकडे त्या त्या विंडोजपुरते वेगळे असतात. म्हणून जुन्या विंडोजवर ‘ऑफिस’ नावाचे खाते होते आणि नव्या विंडोजवरही ‘ऑफिस’ नावाचेच उघडले, तरी विंडोजच्या लेखी ती दोन निराळी माणसे ठरतात. सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचे नाव तसेच राहावे, शेत नातू कसत असावा आणि फेरफार झालेला नसावा, तशी त्या फोल्डरची अवस्था असते.

येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. विंडोज १० वरूनच सेटअप चालवून विंडोज ११ वर गेले आणि फाइली व प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडला, तर खाती आणि त्यांचे ओळखक्रमांक तेच राहतात. अशा अपग्रेडनंतर स्वतःच्या फाइली सहसा अडत नाहीत. डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकली किंवा जुनी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, की क्रमांक बदलतात. बोलण्यात या दोन्ही कामांना ‘विंडोज मारली’ असेच म्हणतात. म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की नेमके काय केले होते.

निदानासाठी अडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात सिक्युरिटी आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडावे. मालकाच्या जागी नाव न दिसता ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो लांब क्रमांक दिसला, तर जुन्या खात्याची मालकी शिल्लक आहे हे निश्चित होते. उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून आधी मालकी स्वतःकडे घ्यायची, मग यादीत स्वतःला मुभा द्यायची. नुसती मालकी मिळाली म्हणून फाइल उघडतेच असे नाही, पण यादी बदलण्याचा हक्क मालकाला नेहमी असतो. फोल्डर मोठे असेल तर आतल्या फोल्डरांनाही मालकी लागू करण्याच्या चौकोनात खूण करावी. हेच काम कमांड प्रॉम्प्टवर टेकओन (takeown, मालकी घेण्यासाठी) आणि आयकॅकल्स (icacls, यादी बदलण्यासाठी) या आज्ञांनी होते. आयकॅकल्सला आधीची परवानगी-यादी एका फाइलमध्ये जपून ठेवता येते, त्यामुळे काही बिघडले तर ती परत बसवता येते. मालकाचे नाव मात्र त्यात जपले जात नाही, ते वेगळे टिपून ठेवावे. आधी एका फाइलवर प्रयोग करून मग सगळ्या फोल्डरला हात घालणे बरे.

खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असूनही नकार येतो, याचे अनेकांना नवल वाटते. एक्सपीनंतर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरसुद्धा रोजच्या कामात कमी अधिकारांनी वावरतो. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हटल्यावरच त्याला पुरते अधिकार मिळतात.

काही गोष्टी केवळ नकलण्याच्या पद्धतीने बिघडतात. एकाच ड्राइव्हवर फाइल कट करून दुसऱ्या फोल्डरात टाकली, तर ती जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली, तर नव्या जागेच्या परवानग्या तिला लागू होतात. जुनी विंडोज जिथे बाजूला ठेवली जाते त्या विंडोज डॉट ओल्ड (Windows.old) या फोल्डरातून जुने कागद काढताना म्हणूनच कॉपी करावी. हे फोल्डर अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा शोधाशोध लांबवू नये.

वीज मध्येच गेल्याने किंवा डिस्क कमकुवत झाल्याने वापरकर्त्याचे प्रोफाइल (त्याचा डेस्कटॉप, फाइली व मांडणी) नीट उघडले नाही, तर विंडोज तात्पुरते प्रोफाइल देते. डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो. खरे फोल्डर सी ड्राइव्हच्या यूझर्समध्ये जुन्या नावाने तसेच असते. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये साठवलेले काम मात्र लॉग आउट करताच नाहीसे होते, म्हणून त्यात एकही नवा दाखला टाइप करू नये.

जुन्या हिशेबाच्या आणि डीटीपीच्या प्रोग्रामांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि बाजारपेठेच्या गावांत तो फार त्रास देतो. एक्सपीच्या काळात लिहिलेले अनेक प्रोग्राम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये, लिहीत. व्हिस्टापासून पुरत्या अधिकारांशिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही तिथे लिहिता येत नाही. असे जुने ३२ बिटी प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवते. परिणाम असा, की सकाळी एका खात्यातून नोंदवलेली सोयाबीनची पट्टी संध्याकाळी दुसऱ्या खात्यातून दिसत नाही, आणि दोघांच्या खतावण्या जुळत नाहीत. दोघांपैकी कोणीच चुकलेले नसते, प्रत्येकाची प्रत वेगळ्या जागी वाढत असते. यासाठी प्रत्येक वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा (AppData) या लपलेल्या फोल्डरामधील व्हर्च्युअलस्टोअर तपासावे आणि दोन्ही प्रती जपून हिशेब जुळवून घ्यावा. मग डेटाचे फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर हलवून ठरावीक वापरकर्त्यांनाच बदलाची मुभा द्यावी. प्रोग्राम कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने नकार थांबतो, पण पूर्ण अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्राममधून शिरलेल्या व्हायरसलाही तेच अधिकार मिळतात.

दुकानातल्या दोन यंत्रांत एक फोल्डर सामायिक असेल, तर तिथे दोन चाळण्या लागतात : शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची परवानगी. दोन्हींतली जी कडक, ती चालते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून जाळ्यावरून बिनपासवर्डाच्या पाहुण्या खात्याने आत येणे प्रो आवृत्तीतही मुळात बंद आहे. अपग्रेडनंतर ‘कालपर्यंत दुसऱ्या संगणकाचा फोल्डर उघडत होता’ अशी तक्रार आली, तर हे कारण आधी पाहावे. ज्या यंत्रावर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेले खाते उघडून त्याच खात्याने जोडणी करणे हा नीट उपाय आहे. सुरक्षा सैल करून जुनी सवय टिकवणे योग्य नव्हे.

विंडोजच्या रॅन्समवेअर-संरक्षणातील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोय चालू असेल, तर परवानगी असूनही अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिले जात नाही. तिथे परवानग्या खरवडत बसू नये. त्या प्रोग्रामला याच सोयीतील परवानगीच्या यादीत घालावे.

सांकेतिक रूपात साठवलेला डेटा मात्र निराळा. बिटलॉकर हे विंडोजचे पूर्ण डिस्कचे कुलूप लावलेली डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ईएफएस या एकेका फाइलीच्या कुलपाने बंद केलेल्या फाइलींना जुन्या खात्याचे प्रमाणपत्र लागते. मालकी घेऊन यातले काहीच उघडत नाही. बिटलॉकरची की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले त्या खात्यात साठलेली असते. हे खाते दुकान मांडून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर मालकाच्या हाती काहीच उरत नाही. की कोणाच्या खात्यात आहे, हे केंद्रचालकांनी फॉरमॅटच्या आधी विचारून घ्यायलाच हवे.

सर्वांत घातक उपाय म्हणजे पूर्ण सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, पूर्ण मुभा देणे. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर या सेवेकडे असते. ती हिसकावली आणि यादी सरसकट बदलली, की अपडेट अडतात, प्रोग्राम सुरू होत नाहीत, आणि मग खरोखरच विंडोज पुन्हा टाकावी लागते. सेवा केंद्रात तर अशी मुभा म्हणजे शेकडो कुटुंबांची कागदपत्रे त्या यंत्रावर बसणाऱ्या कोणालाही उघडी करणे होय. गिऱ्हाइकाने कागद विश्वासाने दिलेला असतो, हे इथे तांत्रिक बाबींइतकेच महत्त्वाचे आहे. परवानगी द्यायची ती अडलेल्या फोल्डरापुरती आणि ठरलेल्या खात्यालाच.

लिनक्स मराठवाड्यात मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि हौशी वापरकर्त्यांकडे दिसते. तिथेही मूळ तेच : फाइल नाव लक्षात ठेवत नाही, वापरकर्त्याचा अंक लक्षात ठेवते. डेबियन, उबुंटू आणि सीडॅक या सरकारी संस्थेचे डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स या लिनक्सच्या प्रकारांत पहिल्या वापरकर्त्याला १००० हा अंक मिळतो. रेड हॅट या दुसऱ्या प्रकाराच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तो ५०० पासून सुरू होई आणि सातवीपासून १००० झाला. त्यामुळे जुन्या प्रयोगशाळेची डिस्क नव्या यंत्राला जोडली, की विद्यार्थ्यांच्या फाइली परक्या दिसू लागतात. चओन (chown) आज्ञेने मालकी बदलली, की काम होते. उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर इतरांसाठी बंद ठेवले जाते, म्हणजे परवानगीचा अंक ७५५ ऐवजी ७५० असतो (शेवटचा आकडा इतरांची मुभा सांगतो, ० म्हणजे काहीच नाही). होममधून वेबसाइट दाखवणारा सर्व्हर नव्याने बसवल्यावर एकाएकी नकार देऊ लागतो, त्यामागे बरेचदा हे असते. अशा वेळी परवानगी बदलणाऱ्या चमॉड (chmod) आज्ञेने ७७७ करणे, म्हणजे सर्वांना सगळी मुभा देणे, ही विंडोजमधल्या ‘एव्हरीवन’चीच चूक आहे.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील, तर एक फसवा नकार भेटतो. विंडोजची फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय चालू असली, की शट डाउननंतरही तिची डिस्क अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडते. परवानग्या बदलून तिथे काही साधत नाही. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करून यंत्र पूर्ण बंद केले, की लिहिता येते.

पेनड्राइव्ह बहुधा एफएटी ३२ किंवा एक्सएफएटीमध्ये असतात आणि त्यांत परवानग्या साठतच नाहीत. जुने यंत्र अजून चालू असेल, तर फॉरमॅटआधी कागद त्यावर कॉपी करून नव्या यंत्रात घेतल्यास मालकीचा प्रश्न उद्भवतच नाही. एफएटी ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून मोठ्या बॅकअपसाठी एक्सएफएटी घ्यावे. पेनड्राइव्ह हाती पडणाऱ्या कोणालाही वाचता येतो, त्यामुळे काम झाल्यावर त्यावरचे दाखले पुसावेत.