बिल उक्तं आहे, डेटा अमर्याद नाही

‘फ्लॅट रेटचा प्लॅन घेतलाय, म्हणजे नेट अनलिमिटेड.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा चेहरा वाकडा होतो. ‘फ्लॅट’ आणि ‘अनलिमिटेड’ हे एकाच अर्थाचे शब्द नाहीत. जाहिराती ते मुद्दाम शेजारी छापतात, आणि आपण ते एका दमात वाचतो.

वापराल तेवढं बिल म्हणजे काय, हे कुणाला समजवायला नको. फ्लॅट रेटही अवघड नाही. रोजंदारी आणि उक्तं काम यांत जो फरक, तोच इथे. रक्कम आधीच ठरलेली, मग घाम कितीही गळो.

घोटाळा याच्या पुढे आहे. फ्लॅट रेट हे बिलाबद्दलचं वचन आहे आणि अनलिमिटेड हे डेटाबद्दलचं. पहिलं पाळून दुसरं मोडता येतं, आणि बहुतेक प्लॅन नेमकं तेच करतात. त्यांचाही नाइलाज असतो म्हणा. टॉवरच्या टापूतले सगळे फोन एकच क्षमता वाटून घेतात, त्यामुळे कुठेतरी आवर घालावाच लागतो. मर्यादा ओलांडल्यावर जादा पैसे लागत असतील, तर तो प्लॅन फ्लॅट नव्हताच. नेट सरळ बंद पडत असेल, तर राग येतो खरा, पण व्यवहार स्वच्छ आहे. तिसरा प्रकार मात्र माझ्या डोक्यात जातो: नेट चालू ठेवायचं, स्पीड पाडायचा आणि नाव ‘अनलिमिटेड’च राहू द्यायचं.

मर्यादेनंतर 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. यातला ‘बी’ बिटचा, बाइटचा नाही, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा. उरले सेकंदाला 8 किलोबाइट. मोबाइलवर काढलेला 3 एमबीचा एक साधा फोटो पाठवायला सव्वासहा मिनिटं. याच वेगाने फोन एक क्षणही न थांबता तीस दिवस डाउनलोड करत राहिला, तरी हाती लागतील जेमतेम 20.7 जीबी. म्हणजे ‘अनलिमिटेड’लाही लिमिट आहेच, फक्त ते जीबीत न लिहिता वेगात लपवलंय. माझा स्वतःचा कोटा एकदा ऐन प्रवासात संपला. नकाशावर निळा ठिपका होता आणि भोवती नुसते करडे चौकोन. रस्ता शेवटी एका माणसाला विचारला. कंपनीच्या लेखी तेव्हाही माझं इंटरनेट चालूच होतं.

हे भांडण अमेरिकेत कोर्टातही गेलंय. एटी अँड टी कंपनीने अनलिमिटेड प्लॅनवाल्यांचा स्पीड पाडला, काहींचा तर बिलाच्या एका महिन्यात 2 जीबी वापरताच, आणि हे त्यांना धड सांगितलं नाही, असा दावा फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने 2014 मध्ये लावला. आकडा किमान 35 लाख ग्राहकांचा होता. 2019 मध्ये कंपनीने 6 कोटी डॉलर द्यायचं मान्य करून प्रकरण मिटवलं. या ग्राहकांचं बिल ठरल्याप्रमाणेच येत होतं, हे लक्षात घ्या. तक्रार दुसऱ्या शब्दाची होती.

गर्दीच्या वेळी तुमचा नंबर मागे ढकलणं, व्हिडिओ कमी दर्जाचा दाखवणं, असे आणखीही प्रकार असतात. छोट्या स्क्रीनवर कमी दर्जाच्या व्हिडिओने फारसं बिघडत नाही.

मग फ्लॅट रेट परवडतो का? आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मागच्या तीन महिन्यांचा मोबाइल डेटा बघा. वायफायचा आकडा यात धरू नका, बहुतेकजण तिथेच चुकतात. प्लॅनच्या किमतीला या खऱ्या जीबींनी भागा, प्लॅनमध्ये छापलेल्या जीबींनी नको. उत्तर सुट्या डेटाच्या दरापेक्षा जास्त आलं, तर तुम्ही न वापरलेल्या डेटाचे पैसे भरताय. माणसं हे सर्रास करतात. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये जिमच्या सदस्यांबद्दल हेच दाखवलं: दहा भेटींच्या पासवर एक खेप 10 डॉलरला पडली असती, तिथे मासिक वर्गणीवाल्यांना ती 17 डॉलरहून महाग पडत होती.

तरीही उक्त्या बिलाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. डोळ्यांसमोर मीटर पळत असला की माणूस नकाशा उघडतानाही हात आखडता घेतो. ती धाकधूक नको म्हणून चार पैसे जास्त गेले, तर जाऊ देत. फक्त ते कशासाठी गेले हे माहीत असावं. मी स्वतः मोजका डेटा आणि संपल्यावर सरळ बंद, असा प्लॅन वापरतो.

फ्लॅट रेट खरोखर वसूल करतो तो मोबाइलच्याच नेटवर लॅपटॉप चालवणारा माणूस. त्याने मात्र घेण्याआधी हॉटस्पॉटची ओळ शोधावी. तिथला कोटा बऱ्याचदा वेगळा असतो, आणि मुख्य आकड्याच्या मानाने फार लहान.