'लव्ह बझ': हजार कॉप्या आणि वर्गणीवर चाललेली कंपनी

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडची गोष्ट बहुतेक लोक १९९१ पासूनच, म्हणजे ते जगभर गाजले तेव्हापासूनच सांगायला लागतात, पण त्यांचं पहिलं सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) त्याच्या तीन वर्षं आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये आलं आणि गंमत म्हणजे ते गाणं त्यांचं नव्हतंच. 'लव्ह बझ' हे मूळचं शॉकिंग ब्लू या डच बँडचं, १९६९ सालचं, रॉबी व्हॅन लीव्हेनने लिहिलेलं. हो, 'व्हीनस' या गाजलेल्या गाण्यावालेच ते. ओरिजिनल ऐका एकदा, त्यात चक्क सतार आहे! निर्वानाने सतार उडवली, तो गोल गोल फिरणारा बास ठेवला, जो इथे त्यांचा बासवादक क्रिस नोवोसेलिक वाजवतो, आणि गायक कर्ट कोबेन दुसरं कडवं गातच नाही, पहिलंच परत गातो.

तर हे घडलं कसं. जानेवारी १९८८ मध्ये ही पोरं सिएटलच्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या जॅक एन्डिनोकडे गेली, तेव्हा धड ड्रमरही नव्हता, मेल्व्हिन्स या दुसऱ्या बँडचा डेल क्रोव्हर मदतीला आलेला, एका दुपारीत दहाएक गाणी उरकली, बिल १५२ डॉलर ४४ सेंट. एन्डिनोला कर्टचा आवाज भारी वाटला आणि त्याने टेपची कॉपी सब पॉप या रेकॉर्ड कंपनीच्या जोनाथन पोनमनला दिली.

सब पॉप म्हणजे ब्रूस पॅव्हिटच्या फॅनझिनमधून (चाहत्याने स्वतः काढलेल्या छोट्या मासिकातून) वाढलेलं लेबल. नाव मोठं होत होतं, पण खिशात कायम खडखडाट. म्हणून त्यांनी सिंगल्स क्लब काढला, म्हणजे वर्षाची वर्गणी आगाऊ भरा, महिन्याला एक सात इंची रेकॉर्ड पोस्टाने घरी येणार. पैसे आधी, माल नंतर! त्यात कॉप्या मोजक्याच काढायच्या, म्हणजे जमवणारे तुटून पडतात. गरिबीतून काढलेली ही आयडिया मला तरी जाम हुशार वाटते.

या क्लबचं पहिलंच सिंगल 'लव्ह बझ', बी साईडला, म्हणजे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, 'बिग चीज'. फक्त १००० कॉप्या, प्रत्येकीवर हाताने नंबर घातलेला. जूनमध्ये परत एन्डिनोकडेच रेकॉर्ड केलेलं, आता ड्रमवर चॅड चॅनिंग. सुरुवातीला कर्टने जुळवलेला वेगवेगळ्या आवाजांचा दहाएक सेकंदांचा कोलाज आहे, तो नंतर त्यांच्या 'ब्लीच' या पहिल्या अल्बममधून गायब. कव्हरवर कर्टच्या नावाचं स्पेलिंगही काहीतरी वेगळंच छापलंय.

बँड मात्र खूश नव्हता. पहिलं सिंगल, तेही दुसऱ्याचं गाणं, आणि वर क्लबमध्ये विकणार म्हणजे साध्या दुकानात जाऊन कोणाला सहज मिळणारही नाही. चिडणारच ना.

तरी हौस बघा. सिंगल हातात आल्यावर कर्टने त्याची कॉपी केसीएमयू या सिएटलच्या रेडिओ स्टेशनला नेऊन दिली, गर्लफ्रेंडसोबत गाडीतून परत निघाला आणि रस्ताभर रेडिओ लावून बसला, आत्ता लागेल मग लागेल. लागेचना. शेवटी वाटेत गाडी थांबवून पब्लिक फोनवरून त्याने स्टेशनला फोन केला आणि नाव न सांगता स्वतःच्याच गाण्याची फर्माईश केली. थोड्या वेळाने गाणं लागलं आणि कर्टने ते पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं, तिथेच, गाडीत बसून.