बर्फाच्या दिवसांतलं रिनोव्हेशन आणि तुमचा थर्मोस्टॅट
(न्यू जर्सीतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नोव्हेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात दोन प्रश्न सुरू होतात. "संक्रांतीनंतर वास्तुशांत करायची आहे, तोवर होईल ना?" हा पहिला. आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "आम्ही डिसेंबरात भारतात चाललोय. घरात कोणीच नाही, तर हिटिंग 50 वर ठेवलं तर चालेल ना?"

पहिल्याचं उत्तर घराघरांवर अवलंबून आहे. दुसऱ्याचं नाही. चालणार नाही. पत्रकाचं बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं लक्षात ठेवा: शीटरॉक, म्हणजे भिंती-सीलिंगच्या जिप्समच्या शीट, लागल्यापासून शेवटचा रंग वाळेपर्यंत घर रात्रंदिवस 65 अंश फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये.

कारण साधं आहे. भिंतींच्या सांध्यांवर टेप लावून जे कंपाउंड, म्हणजे कामगारांच्या भाषेत मड, फिरवतात, ते त्यातलं पाणी उडूनच घट्ट होतं. 70 अंशांना साधारण दिवसभरात वाळणारा कोट 50 अंशांना दोन-दोन दिवस ओढतो. वरून हात लावला तर कोरडा लागतो, आत मात्र ओला असतो. त्यावर दुसरा कोट, मग सँडिंग, मग प्रायमर. आतलं पाणी सावकाश निघत राहतं, सांधा आकसतो, आणि मार्चमध्ये संध्याकाळचं तिरकं ऊन भिंतीवर पडलं की प्रत्येक शीटची कड वेगळी दिसते. मग आम्हाला फोन येतो की पेंटरने काम बिघडवलं. पेंटरचा दोष असेल तर त्याच्याकडून काम पुन्हा करून घ्यायला आम्ही मागेपुढे पाहत नाही. पण बऱ्याचदा पेंटरच्या हातात काहीच नसतं.

"मग लवकर सेट होणारं मड वापरा की," असंही काही जण सुचवतात. पहिल्या कोटाला आम्ही ते वापरतोच. पण ते दगडासारखं घट्ट होतं, सँडिंगला जड जातं, म्हणून शेवटचे हात नेहमीच्या मडचेच लागतात. आणि थंडीत रेंगाळतं तेही.

आता खरी मेख. आमच्या बहुतेक ग्राहकांच्या घरी स्मार्ट थर्मोस्टॅट आहे. तुम्ही नेवार्कहून विमानात बसलात, तुमचे फोन घरापासून लांब गेले, की तो आपणहून "घरात कोणी नाही" असं ठरवतो आणि तापमान खाली आणतो. टेपिंगवाला सकाळी सातला येतो तेव्हा घर गारठलेलं असतं. तो हीटिंग वाढवतो, चारला निघून जातो, रात्री पुन्हा तेच. तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसतं. म्हणून शीटरॉक यायच्या आधी थर्मोस्टॅटमधलं तापमानाचं वेळापत्रक आणि घरात कोणी नसल्याचा तो 'अवे' मोड दोन्ही बंद करून 'होल्ड', म्हणजे एकच कायम तापमान, लावा, आणि ॲपचा ॲक्सेस आमच्या साइट सुपरवायझरला द्या. पुण्याहून रात्री अकरा वाजता फोनवर तापमान कमी करायचा मोह होतो, आम्हाला माहीत आहे. बिलाच्या काळजीने झोप लागत नसेल तर आधी आम्हाला विचारा. सीलिंगचा एक सांधा पुन्हा उघडायचा म्हणजे टेपिंग, सँडिंग, प्रायमर आणि रंग या चारही माणसांना परत बोलवायचं. चार रात्रींचा वाचलेला गॅस त्यापुढे किस झाड की पत्ती.

सिलिंडरवर चालणारा प्रोपेन हीटर आणून ठेवणं हा उपाय नव्हे. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं: 20 पौंडांचं एक सिलिंडर संपलं की जवळजवळ 15 लिटर पाणी वाफ होऊन घरात पसरलेलं असतं. आपण भिंत वाळवायला बघतोय आणि हा हीटर तिला पाणी पाजतोय. बंद घरात कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. फर्नेस, म्हणजे घर गरम करणारं यंत्र, नादुरुस्त असेल तर आम्ही इलेक्ट्रिक हीटर किंवा बाहेर धूर सोडणारा हीटर भाड्याने आणतो. त्याचा खर्च इस्टिमेटमध्ये 'विंटर कंडिशन्स' या ओळीत दिसेल. ही ओळ काढून टाका म्हणून आग्रह होतो. आम्ही ती काढत नाही.

सँडिंगच्या दिवसांत आम्ही रिटर्न व्हेंट, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत ओढणारी जाळी, प्लास्टिकने झाकतो, नाहीतर ती पांढरी धूळ थेट फर्नेसमध्ये जाते. ते प्लास्टिक काढू नका. काम संपल्यावर नवा फिल्टर आम्हीच घालून देतो.

लाकडाचं गणित उलटं आहे. तिथे तक्रार कोरडेपणाची असते. फ्रेमिंगचं, म्हणजे भिंतींच्या आतल्या सांगाड्याचं, लाकूड 19 टक्क्यांपर्यंत ओलाव्याचं येऊ शकतं, आणि हिवाळाभर हीटिंग चालू राहिलं की ते बरंच खाली उतरतं. लाकूड आकसतं, खिळ्यांची डोकी भिंतीतून वर येतात, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक रेघ पडते, फ्लोअरच्या पट्ट्यांत फटी दिसतात. यातलं बहुतेक घराचं स्थिरावणं आहे, बिघाड नाही. फटी जानेवारीत भरू नका. जुलैच्या दमट हवेत पट्ट्या फुगल्या की भरलेलं फिलर बाहेर ढकललं जातं. ह्युमिडिफायर चालवायचा असेल तर रंग पूर्ण वाळल्यावर, आणि बाहेर 20 अंश फॅरनहाइट असताना घरात आर्द्रता 35 टक्क्यांच्या वर नको. खिडक्यांच्या काचांवर पाणी ओघळायला लागलं तर जास्त झालं समजा.

म्हणूनच आमची पंच लिस्ट, म्हणजे शेवटी उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी, दोन भागांत असते. पहिला भाग टाऊनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, अंतिम इन्स्पेक्शनआधी पूर्ण होतो. दुसरा, म्हणजे तडे, वर आलेले खिळे, रंगाचे टच-अप, आम्ही पहिला हीटिंग सीझन संपल्यावर, साधारण मे महिन्यात, एकदाच येऊन करतो. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. "आत्ताच का नाही?" असं विचारणाऱ्यांना वाटतं आम्ही काम लांबवतोय. आत्ता केलं तर मे महिन्यात ते पुन्हा करावं लागेल, म्हणून थांबतो.

बाहेरचं थोडक्यात. ड्राइव्ह-वे आणि डंपस्टरपुढचा (बांधकामाच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीपुढचा) बर्फ काढलेला हवा, नाहीतर माल घेऊन आलेला ट्रक परत जातो आणि पुन्हा यायचे पैसे लावतो. नव्याने ओतलेल्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नका, वरचा थर सुटतो. वाळू टाका. आणि बुटांना लागलेलं मीठ नव्या फ्लोअरवर आणू नका. घरात चपला न घालायची आपली सवय इथे कामाला येते, फक्त पाहुण्यांनाही सांगा.

वास्तुशांतीबद्दल. धनुर्मासात मुहूर्त नसतात, हे आमच्या पथ्यावरच पडतं. संक्रांतीपर्यंत आम्हाला थोडी उसंत मिळते. पण शेवटचा रंग आणि होम यांच्यात निदान आठवडा ठेवा. होमकुंड नव्या लाकडी फ्लोअरवर नको, टाइल असलेल्या जागी विटा रचून त्यावर ठेवा आणि किचनचा एक्झॉस्ट लावा. नवे स्मोक डिटेक्टर एकमेकांना जोडलेले असतात. एक वाजला की बेसमेंटपासून वरच्या बेडरूमपर्यंत सगळे वाजतात, आणि गुरुजी दचकतात. तरीही ते काढून ठेवू नका. आणि कृपा करून नारळ नव्या क्वार्ट्झच्या ओट्यावर फोडू नका.

पुढच्या वर्षी हा सगळा हिवाळा टाळायचा असेल तर नकाशांचं काम फेब्रुवारीत सुरू व्हायला हवं. टाऊनशिपला नकाशे तपासायला 20 कामाचे दिवस मिळतात, आणि त्रुटी निघाली की तपासणी पुन्हा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गर्दी कमी असते, त्यामुळे पहिली भेट आणि घराची मोजमापं तेव्हा सवडीने होतात. डिसेंबरची तिकिटं काढण्याआधी मात्र ऑफिसला एक फोन करा. तुमच्या तारखांत शीटरॉक येतंय का, ते वेळापत्रक बघून लगेच सांगू.