एस्तेर की हदासा?

एस्तेर हे नाव सगळीकडे हिब्रू म्हणून खपतं, पण बायबलमधल्या त्या ज्यू राणीचं खरं हिब्रू नाव हदासा. ज्यूंच्या पुरीम सणाची गोष्ट, ज्यूंच्या जिवावर उठलेला हामान, त्याचा फाशीचा खांब वगैरे माहीतच असेल, ते सोडून देतो. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात 'हदासा म्हणजे एस्तेर' एवढं येतं आणि पुढे हदासा गायबच. हे नाव 'हदास'वरून, म्हणजे विलायती मेंदीचं झुडूप. सुक्कोथ या ज्यू सणाला लागणाऱ्या चार वनस्पतींमधली ही एक, आणि फांदीच्या पेरावर तीन पानं एकाच पातळीत फुटलेली असली तरच चालते.

खरा घोळ एस्तेरचा. काही म्हणतात आपल्याला माहीत असलेला फारसी 'सितारा' तोच हा, काही म्हणतात बाबिलोनची देवी इश्तार. रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, तिसरंच. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात प्रश्न येतो की तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, एस्तेर कुठंय, तर उत्तर म्हणून 'मी माझं तोंड लपवीन' हे वचन दाखवतात, त्यात 'अस्तीर' हे क्रियापद आहे. ऐकायला झकास, कारण ती राजवाड्यात ज्यू असल्याचं लपवून राहते आणि हिब्रू पुस्तकात देवाचं नावही एकदासुद्धा येत नाही (ग्रीक भाषांतरात प्रार्थना घालून ते घुसवलंय!). पण व्युत्पत्ती म्हणून मला हे नंतर जुळवलेलं वाटतं. तिला सांभाळणाऱ्या मर्दखयचं नाव बाबिलोनच्याच मार्दुक देवावरून आलं हे बरेचजण मान्य करतात, मग शेजारी इश्तार आली तर एवढं बिचकायचं कशाला?

तरी 'लपलेली' हा अर्थच लोकांच्या मनात बसला. स्पेनमध्ये 1492 च्या आगेमागे बळजबरीने ख्रिस्ती झालेले ज्यू चोरून एस्तेरचा उपास धरायचे, तिला संतच करून टाकलं होतं त्यांनी. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू पुरीमला सरळ होळीचा सण म्हणायचे, कारण पुरीमचा दिवस, म्हणजे ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याची 14 तारीख, आणि फाल्गुन पौर्णिमा बऱ्याचदा जवळजवळच पडतात. 1947 ची पहिली मिस इंडियाही मूळची एस्तेर, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरातली, पडद्यावर मात्र प्रमिला.

हदासाला परत वर काढलं ते विसाव्या शतकाने. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू बायकांनी पुरीमच्या सुमारास संघटना काढून हेच नाव घेतलं, पुढे त्यांचं जेरुसलेमचं हॉस्पिटलही त्याच नावाने झालं. आता इस्रायलमध्ये एस्तेर म्हटलं की आजी आठवते, घरात एस्ती नाहीतर एत्ती, आणि तरुण मुलींमध्ये नुसतं हदास.