जीएमसी मोटरहोमखाली तेल दिसतंय, पण कुठल्या लाइनचं?

१९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत जनरल मोटर्सने मिशिगनमधल्या पॉन्टिअॅक गावात जी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, जीएमसी या नावाने बांधली, तिच्यावर जीव टाकणारी माणसं अमेरिकेत आजही हजारोंनी आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालते, इंजिन ओल्ड्समोबिलचं आहे. आधी ४५५ घनइंची म्हणजे साडेसात लिटरचं होतं, नंतरच्या गाड्यांत ४०३ आलं. गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक ४२५, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. सामान, पाणी, माणसं भरली की वजन पाच टनांच्या वर जातं. एवढं ओझं कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याकडे, समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर, चढवायचं म्हटल्यावर नुसतं पाणी थंड ठेवून भागत नाही, तेलही थंड ठेवावं लागतं. आणि थंड ठेवायची तेलं दोन आहेत.

घोळ इथेच होतो. रेडिएटरच्या दोन कडांना दोन टाक्या असतात. एका टाकीत इंजिन ऑइलचा छोटा कूलर बसवलेला असतो, दुसऱ्या टाकीत गिअरबॉक्सच्या तेलाचा. दोन्हीकडे दोन-दोन लाइनी जातात, एक जायची, एक यायची. चारही लाइनी लोखंडी नळ्यांच्या, जिथे इंजिन हलतं तिथे मध्ये रबरी होजचा तुकडा. पन्नास वर्षांच्या धुळीने आणि तेलाच्या कीटणाने चारही सारख्याच काळ्या झालेल्या. गळती सुरू झाली की मालक खाली डोकावतो, ‘कूलरची लाइन गेली’ म्हणतो, मिळेल तो होज आणतो आणि दोन क्लिपा आवळून मोकळा होतो. गिअरबॉक्सच्या लाइनवर, होज योग्य असेल तर, हे चालूनही जातं. इंजिनच्या लाइनवर असं करणं म्हणजे इंजिनावर पाणी सोडणं.

कारण दोन्हीकडचं तेल वेगळ्या कामाला निघालेलं असतं. इंजिनाचा पंप सम्पमधून, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातून, तेल उपसतो, ते फिल्टर ज्यावर बसतो त्या अडॅप्टरपाशी येतं आणि तिथून कूलरला जाऊन परततं. ही लाइन पंपाच्या अगदी तोंडाशी आहे, म्हणजे पूर्ण दाब तिच्यावर. सकाळी गार इंजिन सुरू केलं की तेल घट्ट असतं, तेव्हा हा दाब सगळ्यात जास्त चढतो. म्हणूनच इंजिन लाइनची पहिली पाझर बहुधा गार स्टार्टला दिसते आणि इंजिन तापल्यावर कमी झाल्यासारखी वाटते. ‘गरम झाल्यावर थांबते, म्हणजे काही विशेष नाही’ हा निष्कर्ष लोक इथूनच काढतात. तो चुकीचा आहे.

गिअरबॉक्सकडे आतल्या क्लचांना दाबणारं तेल मोठ्या दाबाचं असतं, पण कूलरकडे येतं ते टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातून) बाहेर पडलेलं तेल, आणि त्याचा दाब बराच उतरलेला असतो. त्याची अडचण दाबाची नाही, उष्णतेची आहे. चढावर कन्व्हर्टर घसरतो, घसरण्याची सगळी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. कूलरमधून थंड होऊन आलेलं तेल पुढे गिअरबॉक्सच्या आतल्या बुशिंगांना, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या कड्यांना, वंगण पुरवतं.

आता फुटल्यावर काय होतं ते बघा. गिअरबॉक्सची लाइन सुटली की पातळी उतरते, पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो आणि चाकांना जोर मिळेनासा होतो. इंजिन नुसतं घोंघावतं, गाडी पुढे सरकत नाही. नाइलाजाने तुम्ही थांबता. त्या वेळी थांबलात तर गिअरबॉक्स बहुधा वाचतो. इंजिनात असा सोयीस्कर नकार नाही. सम्पमध्ये पाच-सहा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) तेल, हायवेच्या वेगाला होज नळीवरच्या दाबून बसवलेल्या जोडातून निसटला तर ते एक-दोन मिनिटांत रस्त्यावर. तेवढ्यातही इंजिन छान ओढत राहतं, बेअरिंगं कोरडी पडेपर्यंत. डॅशबोर्डावरचा ऑइलचा लाल दिवा दाब अगदी तळाला गेल्यावर पेटतो, म्हणजे तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वर ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर आग. गाडीच्या अंगात बरंच फायबरग्लास आहे, आत स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आहे. पुढचं सांगायला नको.

म्हणून गळती कुठली, हे आधी ठरवायचं. रंगावर जायला हरकत नाही, पण विसंबू नका. डेक्सरॉन जातीचं गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, इंजिन ऑइल मधासारखं आणि नंतर काळं. मात्र जुनं, भाजलेलं डेक्सरॉन तपकिरी होतं, आणि तेलाच्या थरावर धूळ बसली की सगळ्याचा रंग एकच. पांढऱ्या कागदावर एक थेंब घेऊन पसरू द्या: काठाला गुलाबी छटा राहिली तर गिअरबॉक्सकडे बघा. बोटांत चोळलं तर ते इंजिन ऑइलपेक्षा पातळ लागतं. पॉवर स्टिअरिंगमध्येही बऱ्याच मालकांनी हेच लाल तेल भरलेलं असतं, ती शक्यता आधी काढून टाका. गंधकासारखा उग्र वास आला तर ते फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सकडून चाकांना जोर देणाऱ्या भागाचं) गिअर ऑइल, आपल्या विषयाबाहेरचं.

वाऱ्यानेही फसगत होते. रेडिएटरपाशी गळलेला थेंब धावत्या गाडीत इंजिनाच्या पोटावरून मागे पसरतो, आणि माणूस इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या मेन सीलला शिव्या देत बसतो. म्हणून सगळं ब्रेक क्लीनरने धुऊन, कोरडं पुसून, संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी उभ्या उभ्या सुरू करायची. पावडरीवर ओली रेघ उमटली की सांधा सापडला. दुसरी खूण वेळेची. इंजिन बंद केल्यावर दोन्ही लाइनींतला दाब उतरतो, गळती थांबायला हवी. रात्रभर उभ्या गाडीखाली लाल थारोळं साचत असेल तर कूलर लाइनीला सोडा आणि गिअरबॉक्सची सीलं तपासा, कारण कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये उतरून पातळी वर चढते आणि मग सीलमधून बाहेर येतं.

पातळी बघण्याच्या पद्धतीतही दोघांचं जमत नाही, हे विसरल्याने भलतंच घडतं. इंजिन ऑइल इंजिन बंद करून, तेल खाली उतरू देऊन मोजायचं. गिअरबॉक्सचं तेल मोजताना गाडी तापलेली हवी, पार्कमध्ये हवी आणि इंजिन चालू हवं. बंद गाडीत गिअरबॉक्सची कांडी घातली तर तेल जास्तच दिसणार.

गळती बाहेर न होता आतही होते, आणि तिथला घोटाळा खिशाला जास्त लागतो. कूलर रेडिएटरच्या टाकीत बुडालेला आहे. त्याला बारीक भेग पडली तर चालू गाडीत तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, तेव्हा तेल पाण्यात जातं. गाडी बंद केली की तेलाचा दाब शून्य, पण तापलेल्या पाण्याचा अजून टिकून असतो, तेव्हा पाणी तेलात शिरतं. रेडिएटरमध्ये तपकिरी चिखल दिसला की बहुतेक मेकॅनिक हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची पट्टी) गेलं म्हणतात, हेड उतरवतात. त्याआधी कूलर वेगळा करून हवेच्या दाबाने तपासायला अर्धा तास लागतो, तो द्या. गुलाबी, घट्ट दुधासारखा मेणचट द्रव असेल तर बाजू गिअरबॉक्सची. तिथे घाई करा, कारण पाण्याने क्लचच्या अस्तराचा चिकटा सुटतो, आणि मग नुसतं तेल बदलून भागत नाही.

दुरुस्तीकडे येऊ. रेडिएटरच्या टाकीवरचा फिटिंग तांबे-पितळेच्या टाकीला डाख दिलेला असतो. त्याला एका पान्याने धरून ठेवायचं आणि दुसऱ्या पान्याने लाइनचा नट सोडायचा. एकट्या पान्याने जोर लावलात तर फिटिंग फिरतो, आतल्या कूलरचा डाख तुटतो, आणि वीस डॉलरचं काम नव्या रेडिएटरवर जातं. नटाला लाइन रेंच, म्हणजे नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा पाना, वापरा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवलेलं बरं.

इंजिन लाइनची गळती बहुतेक वेळा क्रिम्पपाशी असते, म्हणजे लोखंडी नळीवर होज चढवून कॉलर दाबून बसवलेली असते तिथे. आत रबर कडक होतं, कॉलरची पकड सैल पडते. ती कॉलर कापून, नळीवर साधा होज चढवून, वर क्लिप आवळणं नको. गुळगुळीत नळीवर क्लिप एवढा दाब आणि एवढी उष्णता फार काळ धरत नाही. हायड्रॉलिक होजच्या दुकानात जुनी लाइन घेऊन जा, टोकं कायम ठेवून नवा होज क्रिम्प करून घ्या, किंवा नळीच्या टोकावर नवे फिटिंग ब्रेझ (पितळी डाख) करून घ्या. दुकानदार दाबाचा आकडा दाखवेल: १००आर१ दर्जाचा अर्धा इंची होज दोन हजार पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास सोसतो. इंजिनाला त्याच्या विसाव्या भागाचीही गरज पडत नाही. पण त्याच होजची तापमानाची मर्यादा शंभर अंश सेल्सिअस, आणि चढावरचं इंजिन ऑइल त्याच्या वर सहज जातं. म्हणून दीडशे अंशांचा होज मागा.

फिटिंगचा कोनही विचारून घ्या. हायड्रॉलिकवाले सदतीस अंशांचा फ्लेअर (नळीचं उतरतं पसरवलेलं टोक) वापरतात, अमेरिकन मोटारींत पंचेचाळीस अंशांचा. अर्ध्या इंची नळीला दोघांचे आटे एकच, पाऊण इंच व्यासाचे, इंचाला सोळा. त्यामुळे ते एकमेकांत बिनतक्रार बसतात, घट्टही होतात, आणि गळतात. कारण धातूचे दोन उतार एकाच रेघेवर टेकतात, अंगाला अंग लागत नाही. जितकं आवळाल तितका फ्लेअर चिरतो. आणि फ्लेअरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. गळती अडते ती उतारावर, आट्यांवर नाही. टेपची चिंधी मात्र तेलाच्या वाटेत जाऊन अडकते.

गिअरबॉक्सच्या लाइनीला एवढे सोपस्कार लागत नाहीत. टोकाला उंचवटा असलेली नळी असेल तर ट्रान्समिशन कूलरचा होज, म्हणजे ज्यावर एसएई जे१५३२ छापलेलं असतं तो, चांगल्या क्लिपांनी चालतो. पेट्रोलचा होज मात्र नको, डेक्सरॉनच्या उष्णतेत तो टिकत नाही. लोखंडी नळीऐवजी तांब्याची नळी दोन्हीकडे टाळा, थरथरीने ती कडक होऊन तडकते.

‘कूलरच काढून टाकावा’ असं सांगणारेही भेटतात. इंजिनाच्या बाबतीत सपाट, थंड प्रदेशात फिरणाऱ्याने अडॅप्टरच बदलून साधा फिल्टर बसवला तर माझा आक्षेप नाही. उन्हाळ्यात रॉकी पर्वत चढणाऱ्याने तसं करू नये. पण अडॅप्टर तोच ठेवून दोन्ही तोंडांना नुसते बुच मारायचे नाहीत, तेलाला वाट ठेवावीच लागते. गिअरबॉक्सच्या बाबतीत हा पर्यायच नाही. लाइन बुच मारून बंद केली की आतल्या बुशिंगांचं वंगण गेलं. दोन टोकं एकमेकांना जोडली तर वंगण राहील, पण पाच टनांची गाडी पहिल्याच घाटात तेल भाजून काढेल.

नवी लाइन बसवल्यावर इंजिन लगेच जोरात फिरवू नका. आधी इग्निशनची तार काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, दाब चढू द्या, मग सुरू करा, बंद करा, कूलरमध्ये गेलेलं तेल वरून भरा. होज एक्झॉस्टपासून चार बोटं लांब राहील अशी क्लिप लावा आणि चासीच्या धारेवर घासत असेल तिथे रबरी बाही चढवा. पहिल्या शंभर मैलांनंतर दोन्ही टोकांचे नट, पुन्हा दोन पान्यांनी, तपासा.